कपाटातल्या पिशव्या

वन्संनी विणकामाचं मंडळ काढलं ते काही विणकामाच्या प्रेमापोटी नव्हे. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींची तोंडं बघून कंटाळलो होतो, हे खरं कारण. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मी छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर आम्ही दोघी एका घरात राहायला लागलो, आणि सहा महिन्यांत लक्षात आलं की त्यांना हुकूम सोडायला माणसं हवीत, मला चुका काढायला माणसं हवीत, आणि दोघींच्याही वाट्याला घरात एकेकच माणूस आहे.

मग एके दिवशी त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. ‘दर मंगळवारी चार ते सहा, मागच्या खोलीत विणकाम. येत नसलं तरी या.’ ती चिठ्ठी लावली तेव्हा खुद्द वन्संना विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवणार मी होते. हे मला चिठ्ठी वाचल्यावर कळलं.

मागची खोली म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची खोली. एक लांब टेबल, त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी, एक लोखंडी कपाट, आणि खिडकीतून समोर दिसणारा बसडेपो. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. ते मी ग्रंथपालांना तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी माझे मनापासून आभार मानले.

पहिल्या मंगळवारी पाच जण आले, दुसऱ्या मंगळवारी दोन. वन्संनी त्याच दिवशी नियम केला, की विणकामाच्या पिशव्या घरी न्यायच्या नाहीत, इथेच कपाटात ठेवायच्या. त्यांच्या वॉर्डात म्हणे दाखल झालेल्या माणसाच्या चपला पहिल्यांदा काढून घेत, म्हणजे तो पळून जात नसे. अर्धवट विणलेली वस्तू ओलीस ठेवली तर माणूस परत येणारच, असा त्यांचा हिशोब, आणि तो बरोबर निघाला. ते दोघे टिकले, त्यांचं बघून गळालेले तिघेही परत आले, मग दोन नवे आले. कपाटाची किल्ली वन्संनी माझ्याकडे दिली, कारण सगळ्यांत भरवशाची मी. आयुष्यात त्यांनी माणूस ओळखायला चूक केली ती ही एकदाच.

मंडळात एक दातांची डॉक्टर होती. तिचे टाके इतके घट्ट की सुई त्यातून जाताना कुरकुरायची. पेशंट जबड्यातून सुटू नये तसं ती लोकर धरायची. आणि एक होता ड्रायव्हर. समोरच्या डेपोतून साडेतीनला सुटायचा आणि चारला खोलीत हजर. देहाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, कारण बोलणं इंजिनाच्या वरताण ऐकू जायला हवं ही वीस वर्षांची सवय. पहिल्याच दिवशी त्याने आपलं मन सगळ्यांसमोर मोकळं केलं. त्याची बायको शिवणकाम करायची. ड्रायव्हरीणबाई म्हटलेलं तिला चालत नसे, टेलरबाई म्हणायचं. लग्न झाल्यापासून तिने शिवलेलंच तो घालत आला होता, आणि तिने त्याला कधी साधं बटण लावू दिलं नव्हतं, कारण त्याचे हात फक्त स्टिअरिंगसाठी आहेत असं तिचं मत. तर एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी तिच्या अंगावर बघायचं होतं त्याला. मफलर सोपा, असं मी म्हटलं. चोवीस टाके घातले आणि दिले त्याच्या हातात.

मफलर सोपा असतो, ड्रायव्हर नसतो. ओळ संपली की सुई फिरवायची, धागा खाली ओढून मग मागे न्यायचा आणि पुढची ओळ सुरू करायची. हा बोलण्याच्या नादात धागा सुईवरून मागे टाकायचा. तसं केलं की पहिला टाका वर ताणला जातो आणि एकाचे दोन दिसतात. हा दोन दिसले की दोन विणायचा. झाला एक टाका जास्त. असं चार-पाच ओळींत एकदा व्हायचं, आणि टाके मोजायची पद्धत त्याला मान्यच नव्हती. बस भरली की नाही ते बघून कळतं, मोजावं लागत नाही, असं म्हणायचा.

मी सांगितलं असतं. पण तिसऱ्याच मंगळवारी मी दातांच्या डॉक्टरला तिच्या विणकामातल्या सात चुका ओळीने दाखवल्या होत्या, आणि त्यानंतरच्या मंगळवारी ती आली नव्हती. वन्संनी फोन करून, समजूत घालून तिला परत आणली, आणि मला घरी नेऊन ताकीद दिली, की यापुढे टेबलावर कोणाची चूक काढायची नाही. कौतुक करता येत नसेल तर बिस्किट खायचं. मेट्रनची ताकीद म्हणजे ताकीद. मी मिठाची गुळणी धरून बसले. पुष्कळ बिस्किटं खाल्ली.

तोंड बंद केलं, पण हात शिवशिवायचे त्याला काय करणार? चूक दिसली आणि ती तशीच छापायला गेली, असं माझ्या बाबतीत पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. एका बुधवारी मी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले, आणि किल्ली पर्समध्येच होती म्हणून नुसतं बघायला कपाट उघडलं. ड्रायव्हरच्या सुईवर चोवीसचे एकोणतीस झाले होते. मफलर खालून वर पंख्यासारखा उघडत चालला होता. मी इकडेतिकडे बघितलं, पिशवी काखेत मारली आणि घरी आणली. वन्सं बुधवारी दुपारी त्यांच्या जुन्या नर्स मैत्रिणींकडे जात, तेवढे दोन-तीन तास घर माझं. पहिल्या चुकीपर्यंत उसवलं, तेवढ्याच ओळी चोवीस टाक्यांवर परत विणल्या, आणि गुरुवारी सकाळी पिशवी जागेवर. इतकी शांत झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पुढच्या बुधवारी एकाच्या दोन पिशव्या झाल्या. महिन्याभरात सगळ्याच. आणि उगाच नम्रता कशाला, काम मी अव्वल करायची. ज्याचा त्याचा हात सांभाळायची. डॉक्टरच्या विणीत माझी सुईसुद्धा कुरकुरायची, ड्रायव्हरच्या विणीत मी टाके अस्से सैल सोडायची की तोही फसावा. प्रुफं तपासणाऱ्याने लेखकाची चूक काढायची असते, त्याचा आवाज बदलायचा नसतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मंडळाची प्रगती बघून वन्संना धन्य वाटायला लागलं. मी दगडालाही विणायला शिकवेन, असं त्या भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगायच्या. त्यांचा स्वतःचा पायमोजा मी चार वेळा उसवून चार वेळा विणला होता. दातांची डॉक्टर कार्डिगनच्या गोष्टी करायला लागली. आणि ड्रायव्हर तर इतका भाव खायला लागला की विचारू नका. दुसऱ्यांच्या मागे उभा राहून, ‘हात सैल सोडा, टाका आपोआप येतो,’ असं सांगायचा. त्याचा टाका आपोआपच येत होता, एकाच्या जागी दोन, पण ते मी कशाला बोलू. मी बिस्किट खायची. आणि खरं सांगायचं तर मी सुखात होते. आठवड्यातले दोन दिवस कोणाला तरी माझी गरज होती. त्यांना ते माहीत नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मफलर पूर्ण झाला. ड्रायव्हरने तो टेबलावर पसरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वरपासून खालपर्यंत एकसारखा, एक टाका इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो बायकोच्या गळ्यात घातला आणि फोटो काढून डेपोतल्या एकूण एक माणसाला दाखवला. ग्रंथपालांनीही तो बघितला, आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. वाचनालयाच्या पुढच्या हॉलमध्ये नवशिक्यांसाठी एक मंगळवार ठेवायचा. चिठ्ठी लागली, अकरा नावं आली. आणि शिकवणार कोण? तर ज्याला काहीच येत नव्हतं आणि तीन महिन्यांत इतकं आलं, तो. म्हणजे ड्रायव्हर. वन्संनी जागच्या जागी हुकूम काढला. मी दोन बिस्किटं एकदम तोंडात घातली.

त्याच्या आदल्या मंगळवारी टेलरबाई स्वतः आल्या. लहानखुऱ्या, चटपटीत, गळ्यात मफलर आणि मफलरावर मोजायची टेप. कामावरून थेट आले, जरा बघते, म्हणाल्या आणि कोपऱ्यात बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. बाकी वेळ त्या आमच्या सगळ्यांच्या हातांकडे बघत होत्या, एकेक करून, सावकाश. शेवटी माझ्या हातांशी थांबल्या आणि तिथेच राहिल्या. सहा वाजता मी कप विसळायला मोरीपाशी गेले, तर त्या मागोमाग आल्या आणि त्यांनी मफलर काढून माझ्यासमोर धरला.

“बाई, यात दोन हात आहेत,” त्या म्हणाल्या. “एक ढिला आहे. दुसरा ढिला असल्याचं सोंग करतोय. चांगलं करतोय, पण इतकं सारखं ढिलं कोणी नसतं.”

मधे लोकर बदलली असेल, असं मी म्हणून बघितलं. माझं वजन वाढलंच नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या ज्या नजरेने बघत असतील त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं, की आधी त्यांना वाटलं, दुसरी कोणी बाई आहे. नवरा दर मंगळवारी दाढी करून जातो, गुणगुणत परत येतो, आणि मफलरात परका हात. म्हणून त्या बघायला आल्या होत्या. आणि मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. यावर मी रागवावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कप त्यांनीच पुसून एकावर एक ठेवले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पुढच्या मंगळवारी तो अकरा जणांना शिकवणार. त्याला येत नाही, हे त्यालाच माहीत नाही. चारचौघांत हसं झालं तर तो परत सुई हातात धरायचा नाही, मी ओळखते त्याला. आधी सांगा त्याला. तुम्हीच सांगा.” मफलर त्यांनी परत गळ्यात घातला नाही, घडी करून हातात धरला. “मला त्याचा मफलर हवा होता हो. वाकडा असता तरी चाललं असतं.”

मग सुरू झाला माझ्या भित्रेपणाचा आठवडा. गुरुवारी मी डेपोत गेले. ड्रायव्हर मोठ्या प्रेमाने मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला आणि सगळ्यांना सांगितलं, ह्या आमच्या बाई, यांनी मला शिकवलं. बारा-पंधरा ड्रायव्हर उभे राहिले. मी चहा पिऊन परत आले. शुक्रवारी, ओळीच्या सुरुवातीला धागा कसा धरावा यावर मी त्याला सहज म्हणून फोनवर चार गोष्टी सांगितल्या. ते नवशिक्यांना सांगेन, म्हणाला. शनिवारी पत्र लिहायला बसले. ते चार वेळा तपासलं, चारही वेळा सुधारलं, आणि शेवटी असं निर्दोष पत्र तयार झालं की त्यात मला सांगायचं होतं तेवढं सोडून सगळं होतं.

मला भीती कशाची वाटत होती ते मी सांगून टाकते. ड्रायव्हरला कळलं की तो जाणार. मग डॉक्टर आपली पिशवी उघडून बघणार, मग बाकीचे. आणि मग माझा मंगळवार जाणार. उरलेले सहा वार माझ्याकडे होतेच, त्यांचं काय करायचं ते मला आधीही समजलं नव्हतं.

तो मंगळवार उजाडला. पुढच्या हॉलमध्ये खुर्च्यांचं अर्धं रिंगण, अकरा नवशिके, मधे ड्रायव्हर नव्या शर्टात. वीस-वीस टाके मी सगळ्यांना आधीच घालून दिले होते. त्याने शिकवलं मात्र झकास. कोणालाही ओरडला नाही, कोणाला घाई केली नाही, एका आजोबांच्या सुया चार वेळा खाली पडल्या तर चारही वेळा स्वतः वाकून उचलून दिल्या. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, ठासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आता धागा सुईवरून मागे टाका, म्हणजे वाटेत येत नाही. त्याच्या हातून जे चार ओळींत एकदा व्हायचं ते अकरा जण आता दर ओळीला, शिकवल्याप्रमाणे, अगदी मन लावून करत होते. मी त्यांच्या मागे उभी होते आणि पाठीमागे माझाच एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

अकरांत एक गणिताच्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सहा ओळी झाल्यावर त्यांनी चष्म्याच्या वरून बघत सांगितलं, की त्यांचे वीसचे सव्वीस झाले आहेत. ड्रायव्हर हसून म्हणाला, परत मोजा. त्यांनी परत मोजले. शेजाऱ्याचेही मोजले, त्याचेही सव्वीस. मग एकामागून एक सगळे मोजायला लागले, आणि हॉलभर सव्वीस, पंचवीस, सव्वीस असं सुरू झालं. ड्रायव्हरने शेवटी आपल्या हातातला नमुना वर धरला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा टाके मोजले. ओठ हलवत, बोट ठेवत, दोनदा मोजले.

“माझा मफलर तर सरळ झाला होता,” तो म्हणाला. ते तो कोणालाच उद्देशून म्हणाला नव्हता.

लोकर खराब असेल, असं वन्सं म्हणाल्या. एक-दोघांनी मान हलवली. मी नुसती गप्प राहिले असते तरी भागलं असतं, लोकरीवर ढकलून सगळे घरी गेले असते. पण त्या माणसाचा चेहरा बघवेना. तो आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत होता, की यांच्यात अचानक काय बिघडलं.

“तो मी सरळ केला,” मी म्हटलं. “दर बुधवारी. पिशवी घरी नेऊन.”

मग थांबता येईना. सगळंच सांगितलं. डॉक्टरचं कार्डिगन, वन्संचा पायमोजा, सगळं. ड्रायव्हरने सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, मफलरात त्याचं किती. आता तरी धड खोटं बोलावं की नाही? पण प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला मी नेमकं उत्तर देते, हा माझा रोगच.

“लांबी तुमची,” मी म्हटलं. “रुंदी माझी.”

नवशिक्यांपैकी कोणीतरी हसलं. मग गणिताच्या बाई हसल्या, मग आणखी चार-पाच जण. वाईट मनाने नव्हे, आलं ते हसू. ड्रायव्हर हसला नाही. त्याने नमुना सुयांसकट गुंडाळला, आजचं एवढंच, असं विद्यार्थ्यांना नीट सांगितलं, एका खुर्चीला धक्का लागला तो सावरला, आणि मागच्या खोलीत जाऊन आपली पिशवी घेऊन निघून गेला. त्याच्या मागून डॉक्टर आपली पिशवी घेऊन गेली. मग बाकीचे. त्या संध्याकाळी कपाटात वन्संची आणि माझी, अशा दोनच पिशव्या राहिल्या.

घरी आल्यावर वन्संनी हात पुढे केला, मी त्यावर किल्ली ठेवली. त्यानंतर तीन दिवस त्यांनी मला एकही हुकूम दिला नाही. दार लावून घे म्हणाल्या नाहीत, दूध वर आलं म्हणाल्या नाहीत. शुक्रवारी मी जेवणात मीठ घालायला विसरले, तर ते तसंच गुपचूप जेवून उठल्या. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

शनिवारी सकाळी एकदम म्हणाल्या, “टेबलावर बोलू नकोस म्हटलं ते मी. ती चूक माझी. मी हे एकदाच बोलणार आहे, नीट ऐकून ठेव.” मी ऐकून ठेवलं. मग पायमोज्याबद्दल त्यांनी मला जे काही सुनावलं ते पाऊण तास चाललं, आणि मला जरा बरं वाटलं.

तरी पुढच्या मंगळवारी मी जाणार नव्हते. डोकं दुखतंय म्हटलं. वन्संनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, काही दुखत नाही असा निकाल दिला आणि चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या. बोलणी खायची तर वेळेवर जाऊन खावीत, म्हणाल्या.

खोलीत माणसं होती. नवशिक्यांपैकी सात जण आले होते, गणिताच्या बाई धरून. डॉक्टर टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती. तिने कार्डिगन अख्खं उसवून पहिल्यापासून सुरू केलं होतं, आणि सुई खोलीभर कुरकुरत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कोणीच फारसं बघितलं नाही. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, म्हणजे पाय काढता घ्यायला सोपं. पावणेपाचला ड्रायव्हर आला. मागोमाग टेलरबाई, गळा मोकळा. ड्रायव्हरने पिशवीतून लोकरीची एक जाड लडी काढून टेबलावर ठेवली. मफलर त्याने स्वतः उसवला होता, धुतला होता, वाळवून लडी केली होती. दोन दिवस लागले, मी हात लावला नाही, असं टेलरबाईंनी सगळ्यांना सांगितलं, आणि ‘मी’वर जोर दिला.

ड्रायव्हरने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला.

“बाई, हात पुढे करा,” तो म्हणाला.

मी केले. लडीचा गुंडा करायचा तर कोणीतरी हात धरावेच लागतात, त्यात विशेष काही नाही. त्याने लडी माझ्या दोन्ही मनगटांवर चढवली, गुंता सोडवला, टोक शोधलं. आणि गुंडा न करता सरळ सुईवर टाके घालायला लागला. आधी गुंडा करतात, असं वन्संनी त्याला सांगितलं.

“गुंडा केला की यांचे हात सुटतील,” ड्रायव्हर मान वर न करता म्हणाला.

त्याने चोवीस टाके घातले, मोजून. पहिली ओळ बरी गेली. सुई फिरवली, आणि धागा गेला वरून. एकाचे दोन झाले. माझी बोटं लडीच्या आत आपोआप उचलली गेली, लोकर ताणली, आणि तो हिसका थेट त्याच्या सुईपर्यंत पोहोचला. तो थांबला.

“दिसलं?”

“दिसलं,” मी म्हटलं.

“मग तोंडाने सांगा. सगळ्यांसमोर सांगा, मला काही वाटत नाही. गाडी कशी चालवायची ते वीस वर्षं अख्खी बस मला सांगतेय. पण पाठीमागे हात लावायचा नाही.”

मी सांगितलं. धागा वरून गेलाय, आधी खाली ओढा, मग मागे न्या. त्याने तो टाका काढला. काढताना दोन गळले, ते पकडायला त्याला इतका वेळ लागला की टेलरबाईंनी आपले दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि खिडकीबाहेर डेपोकडे बघत राहिल्या. पुढच्या ओळीला परत तेच. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा सांगितलं. पाचव्या ओळीला सुई फिरवून तो जरा थांबला, धागा स्वतःहून खाली ओढला, मागे नेला, आणि एकच टाका विणला. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीच म्हटलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाकडून कुरकुर थांबली. दातांच्या डॉक्टरने आपलं विणकाम माझ्या दिशेने उंच धरलं होतं. नजर अजून सुयांवरच होती.

“आणि माझं?” ती म्हणाली. “माझं काय चुकतंय?”

मला रडू आलं. असं भडाभडा, नाक वाहायला लागलं असं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हात लडीत, लडीचं टोक ड्रायव्हरच्या सुईवर, आणि तो काही विणायचा थांबत नव्हता. वन्सं उठल्या, माझा चष्मा काढला, रुमालाने मेट्रनसारखे खसाखसा डोळे पुसले, नाक पुसलं आणि चष्मा परत चढवला. तो वाकडा बसला. मी तसं सांगितलं.

“ऐकलं,” वन्सं म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन आपला पायमोजा विणायला लागल्या.